सोडा म्हणेपर्यंत

आजवर मी लिहिलेल्या पत्रकांपैकी सगळ्यात खोटं पत्रक सगळ्यात जास्त गाजलं. त्यात एकही शब्द मनाचा नव्हता. जागा खरी, वेळ खरी, फोटो तर मी स्वतः काढलेला. तरीही ते खोटं होतं, आणि ज्या माणसावर ते छापलं त्याच्याविषयी चार सरळ ओळी लिहायला मला सात वर्षं लागली. त्यांचं नाव इथे येणार नाही. नाव घालू नका, असं त्यांनीच बजावलंय. त्यांचं एवढं तरी मी ऐकणार आहे.

हडपसरचे रिक्षावाले त्यांना मामा म्हणायचे. म्हणून मीही मामाच म्हणते.

मामांचं घर मूळचं भाजीपाला पिकवणारं. थोरल्या भावाचा मंडईत गाळा होता, अजूनही आहे. मामा मात्र सोलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले, तेही यंत्रावर नाही, प्रथमोपचाराच्या खोलीत. तिथे बावीस वर्षं. कारखान्याचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. प्रेसखाली बोटं सापडायची ती काही डॉक्टरांचे वार बघून सापडायची नाहीत. मामा जे शिकले ते उरलेल्या पाच वारांत शिकले. मग नव्या आर्थिक धोरणाचं वारं आलं आणि कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. त्यातली स्वेच्छा नेमकी कुणाची होती, यावर मी वेगळं पत्रक लिहिलेलं आहे, ते अजूनही मला मान्य आहे. निरोपसमारंभात बाकीच्यांनी भिंतीवरची घड्याळं घेतली. मामांनी कँटीनचं दार मागून घेतलं.

खरंखुरं दार. जाड, एका माणसाच्या लांबीचं. त्यांनी बिजागऱ्या काढल्या, दोन्ही कडांना हात घालायला खाचा पाडून घेतल्या, आणि पुढे एका धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णवाहिकेवर मदतनीस म्हणून लागले तेव्हा ते दार घेऊनच हजर झाले. मान किंवा पाठ मोडलेल्या माणसाला झोळीसारख्या स्ट्रेचरवर घालायचं नाही, सपाट लाकडावर घालायचं, हा त्यांचा हट्ट. दारावर तैलरंगात लिहिलेलं होतं, "कृपया ताटात अन्न टाकू नये." बायपासवर पडलेली निम्मी माणसं त्या सूचनेवर आडवी होऊन दवाखान्यात गेली.

त्या रुग्णवाहिकेच्या बाहेर देणगीदारांची नावं इतकी होती की 'रुग्णवाहिका' हा शब्द मागच्या दारावर तिरका बसवावा लागला होता. आत एक बाकडं, एक चादर आणि मामा. बाकी सगळं मामांनी गोळा केलेलं: शेजारणींकडून मागून आणलेल्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या, धुऊन घडी घातलेल्या. मोडलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी बांधायला वर्तमानपत्रांच्या घट्ट गुंडाळ्या. मानेच्या दोन्ही अंगांना ठेवायला वाळूच्या दोन पिशव्या, मामींनी शिवलेल्या.

गाडी रिकामी असली तरी मामा मागेच बसायचे. ड्रायव्हर हाका मारायचा, "मामा, पुढं या की, जरा गप्पा मारू."

"पुढं काय हाय? वारा. माझं काम मागं हाय."

"मागं कोण नाही आत्ता!"

"मग सवय मोडायची का?"

भोंग्याशी त्यांचं वैर होतं. गाडीत माणूस शांत, श्वास नीट, रक्त थांबलेलं असं असेल तर ते ड्रायव्हरला भोंगा लावू देत नसत. "त्याला वाटतंय आपण मरतोय. वर तू बोंबलून सगळ्या पुण्याला सांग." पण एकदा फुरसुंगीच्या बाजूला उसाच्या चरकात एकाचा हात गेला, तेव्हा मामांनी जखमेवर तळवा दाबला, गाडीत चढले, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत तळवा उचलला नाही. अपघाताच्या जागी एक मिनिट थांबले नाहीत. ड्रायव्हरने पाणी पिण्यासाठी गाडी हळू केली तर मागून त्याच्या सात पिढ्या काढल्या. मी हे ऐकलेलं होतं. तरीही पुढे जे लिहायचं ते लिहिलं.

"थांबायचं का पळायचं, एवढं ठरवायलाच मी मागं बसतो," असं ते म्हणायचे. "तिकडं डॉक्टर हाय, इकडं रस्ता हाय. मधल्या वाटंवर कोण हाय? कोण न्हाय. ती मधली वाट माझी."

त्या वेळी या कामाला मराठीत धड नावही नव्हतं. हजेरीपत्रकात ते 'मदतनीस', दवाखान्याच्या दारात 'ओ हमाल', आणि अपघाताच्या जागी 'अहो उचला ना लवकर'. आता मोठमोठ्या गाड्या येऊ लागल्यात, मागे बसणाऱ्याला प्रशिक्षण असतं, गणवेश असतो, इंग्रजी नाव असतं. चांगलंच आहे. मी हे कौतुकाने नाही, चिडून लिहितेय. ते नाव आलं तेव्हा ते ज्याला द्यायचं तो माणूस गाडीतून उतरवलेला होता. आणि उतरवणाऱ्यांत मी होते.

माणसांना नावाने हाक मारायची नाही, ही मामांची आणखी एक तऱ्हा. ओळखीचा असो नसो. "निळा शर्ट, इकडं. टोपीवाले, तुम्ही गाड्या अडवा. मिशीवाले, तो तांब्या मला द्या." गर्दीत 'कोणीतरी या' म्हटलं तर कोणीच येत नाही, कपड्याने हाक मारली की माणूस सापडतो, असं त्यांचं म्हणणं. तांब्याचं प्रकरण तर ठरलेलंच. आपल्याकडे माणूस पडला की चौघे पाणी घेऊन धावतात. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जाऊन तो गुदमरतो, हे मामा किती वेळा सांगणार? त्यांनी सांगणं सोडून दिलं. पाणी आणणाऱ्याला म्हणायचे, "तुम्ही प्या." तो गोंधळायचा. "प्या, प्या. घसा तुमचा सुकलाय." आणि तो पिऊन टाकेपर्यंत बघत राहायचे.

रविवारी सकाळी हडपसरच्या गाडीतळावर त्यांचा वर्ग भरायचा. विद्यार्थी म्हणजे रिक्षावाले, दोन पानटपरीवाले, एक केशकर्तनालयवाला. छाती दाबायचा सराव जुन्या स्कूटरच्या सीटवर. मी एकाच रविवारी गेले होते, रस्त्यावरच्या अपघातांविषयीच्या आमच्या मोहिमेसाठी सह्या मिळतील म्हणून. बावीस वर्षांची होते, खांद्याला झोळी, झोळीत पत्रकं. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "झोळीवाल्या बाई, तुम्ही पण या. हात खिशात घाला."

"माझ्या कुडत्याला खिसा नाही."

"मग पाठीमागं बांधा."

पहिल्या रविवारी नुसतं बघायचं, हा नियम. एक रिक्षावाला फरशीवर आडवा झाला. बाकीच्यांनी खिशात हात घालून त्याच्याभोवती एक फेरी मारायची आणि काय दिसलं ते सांगायचं.

"पडलाय," एक जण म्हणाला.

"ते मला पण दिसतंय. श्वास घेतोय का?"

"घेत असंल की."

"असंल? अरे, तुझ्या रिक्षात पेट्रोल असंल म्हणून निघतोस का?"

सगळे हसले, पडलेलासुद्धा. मामा म्हणाले, "हसतोय म्हणजे श्वास हाय. लिहा." त्यांचं लिहिणंही जगावेगळं. कागदावर नाही, पडलेल्याच्या हातावर, बॉलपेनने. वेळ आणि एक-दोन शब्द. 'रक्त थांबलं.' 'ओळख देतो.' 'पाय हलतात.' "कागद दवाखान्यात हरवतो," ते म्हणायचे, "हात त्याच्याबरोबरच राहतो."

मग एकाला पडलेल्याचे घोटे धरायला लावले. मानेला लागलं असेल तर अंग तिरकं होऊ द्यायचं नाही, डोकं एकाने, खांदा एकाने, कंबर एकाने, पाय एकाने, आणि डोकं धरणारा सांगेल तेव्हाच सगळ्यांनी हलायचं. "मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं न्हाय." एवढ्यात पलीकडून आवाज आला, "स्वारगेट येणार का?" पाय धरलेला रिक्षावाला ताडकन उठला.

मामा हलले नाहीत. "गेलं," म्हणाले. "ह्याची मान तू स्वारगेटला घेऊन गेलास."

उचलायचं कसं ते पुढच्या रविवारी होतं. पुढच्या रविवारी आमचं धरणं होतं. मी गेले नाही.

सह्यांचा कागद मात्र त्या दिवशी मामांपुढे धरला होता. मागणी सोपी होती: घटनास्थळी रुग्णवाहिकेने तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. मामांनी दोनदा वाचलं.

"बाई, तुम्ही कुरिअर चालवता का?"

"म्हणजे?"

"पार्सल वेळेत पोचलं की झालं. कसं पोचलं ते कुठं लिवलंय ह्यात?"

"मामा, लोक रस्त्यावर मरताहेत!"

"मरतात की. काही रस्त्यात मरतात, काही उचलताना मरतात. दुसऱ्यांचं पत्रक कोण काढतंय?"

सही केली नाही. मला राग आला. बदल नको असलेला, जुन्या वळणाचा, आपल्याच तोऱ्यात असलेला माणूस, असा शिक्का मी त्यांच्यावर त्याच दिवशी मारला. नंतरचं सगळं त्या शिक्क्याखाली लिहिलं गेलं.

बायपासवर तेव्हा अपघात वाढले होते. आमच्या मोहिमेनं ठरवलं, नुसत्या घोषणा नकोत, पुरावा हवा. कार्यकर्ते घड्याळं घेऊन ठिकठिकाणी बसले. माझ्या वाट्याला वारज्याचा पूल आला. हातात छापील तक्ता: अपघात कधी झाला, फोन कधी केला, गाडी कधी आली, गाडी कधी निघाली. चार रकाने. मीच आखलेले.

तिसऱ्या दिवशी, पाचला थोडा वेळ असताना, माझ्यापासून दोनशे पावलांवर एका ट्रकने मोटारसायकल उडवली. मुलगा रस्त्याच्या कडेला उताणा पडला. एसटीडी बूथवाल्याने फोन केला. ट्रस्टची गाडी दिवसा कात्रजला उभी असायची, ती पाच वाजून पाच मिनिटांनी आली. मी तक्त्यात लिहिलं.

मामा मागच्या दारातून उतरले. हात पाठीमागे बांधून मुलाभोवती एक फेरी मारली. गर्दी उसळली. "अहो, फेऱ्या कसल्या मारताय? उचला की!" एक जण पाण्याची बाटली घेऊन वाकला. "तुम्ही प्या," मामा म्हणाले. मग मुलाशी काहीतरी बोलले, त्याच्या हातावर लिहिलं, शेजारी ते कँटीनचं दार लावलं, आणि त्याच्या डोक्यामागे रस्त्यावर बसले. गुडघ्यांत त्याचं डोकं, दोन्ही हात जबड्याला. ड्रायव्हर पलीकडे ट्रक अडवत होता. "निळा शर्ट, खांदा. टोपीवाले, कंबर." ते दोघे बसले. बाकीचे मागे सरकले. पोलिसांची भानगड, साक्षीला बोलावणं, कोणाला नको होतं.

मी फोटो काढला. पाच दहा.

मामांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघून ओरडले, "ओ झोळीवाल्या बाई! तो कॅमेरा ठेवा खाली आन् इकडं या! लवकर!"

त्यांचे हात रक्ताने माखले होते. चेहरा लाल. मी ऐकलेले शब्द तेच होते, पण मला त्यात धमकी ऐकू आली. फोटो काढला म्हणून हा माणूस माझ्या अंगावर येतोय. मी दोन पावलं मागे गेले आणि वहीत लिहिलं: 'कर्मचाऱ्याचा आरडाओरडा.' नंतर एक दूधवाला टेम्पो थांबवून धावत आला, त्याने काहीतरी धरलं, आणि पाच सोळाला गाडी निघाली.

पत्रकाचा मथळा मला झोपेतही आठवतो. "जखमी रस्त्यावर, कर्मचारी मांडी ठोकून! अकरा मिनिटांचा जाब द्या!" खाली फोटो, फोटोखाली मामांचं नाव, आणि ठळक अक्षरांत, "महिला कार्यकर्तीवर आरडाओरडा." दोन वर्तमानपत्रांनी उचललं. देणगीदारांनी ट्रस्टला फोन केले. ट्रस्टने मामांकडे लेखी खुलासा मागितला. त्यांनी अख्ख्या कागदावर एकच ओळ लिहिली: "मान सांभाळत होतो." ट्रस्टच्या व्यवस्थापकांनी तो कागद आम्हाला हसत हसत दाखवला होता. मीही हसले. हे लिहायचं नव्हतं, पण मग बाकीचं तरी कशाला लिहायचं?

महिन्याभरात नवा नियम झाला. गाडी तीन मिनिटांत हलणार. मागे माणूस हवाच कशाला, ड्रायव्हर पुरे, उचलायला लोक असतातच. गाडीतून मामा गेले, दार गेलं. गाडीवर उरलेल्या जागेत 'जलद सेवा' आलं. आम्ही पेढे वाटले. कागदावर तो आमचा पहिला विजय होता.

गाडीतळावरचा वर्गही बंद पडला. मी चौकशी केली तेव्हा एक रिक्षावाला म्हणाला, "ज्याचा फोटो असा छापून आला, त्याच्याकडून काय शिकायचं?" त्याला पत्रक कुठे मिळालं असेल, हे मी विचारलं नाही. गाडीतळावर मीच वाटली होती.

पुढे एकदा कात्रजच्या चौकात मी बघितलं, स्कूटरवरून पडलेल्या एका बाईंना चौघांनी हातापायाला धरून पोत्यासारखं उचललं आणि गाडीत टाकलं. मान लोंबत होती. मागे कोणी बसलं नाही. दोन मिनिटं. आमच्या कार्यकर्त्याने तक्त्यावर शेरा मारला, 'उत्तम.' त्या बाईंचं पुढे काय झालं मला माहीत नाही. आमच्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

पाच-सहा महिन्यांनी आमच्या कार्यालयात एक मुलगा आला. गळ्याला पट्टा, हातात आमचं पत्रक. अकोल्याकडचा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला.

"हे तुमचंच ना, ताई? हा पडलेला मीच आहो."

मी त्याला खुर्ची दिली. तो चालत आला होता हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला.

"मला यांचा पत्ता पाहिजे. फोटोत बसलेले आहेत ना, यांचा. मोठे डॉक्टर म्हणे, तुझी मान मोडली होती, आणताना कोणी एक हिसका दिला असता तर मानेखालचं सगळं गेलं असतं. तुला आणलं कोणी, म्हणे. मला काय माहीत जी? मला यांचा उलटा चेहरा आठवते फक्त. वरून पाहत होते. सारखे म्हणत, अंगठा हलव. हलवला की म्हणत, शाब्बास. मी रडाले लागलो तर म्हणे, मान माझ्याकडं हाय, तिची काळजी तू करू नको, तू फक्त अंगठा बघ."

मी पत्ता लिहून दिला. तो उठला, दारात थांबला.

"ताई, तुम्ही असं काहून लिहिलं?"

वाईट बोलायचं म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

मोहिमेच्या बैठकीत मी विषय काढला. आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, "चूक झाली असेल, पण जाहीर कबुली दिली तर मोहिमेची धार जाईल. मागणी तर रास्त आहे ना?" मतदान झालं. खुलासा छापू नये, असं ठरलं. मी विरोधात हात वर केला असता तर निदान एक हात दिसला असता. केला नाही. पुढे मोहीम विझली, धारेचं काय झालं कोण जाणे. आणि मी मामांकडे गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत सात वर्षं. सरकारला चोवीस तासांत उत्तर मागणारी मी.

मागच्या महिन्यात जुन्या फाइली आवरताना त्या फोटोची निगेटिव्ह सापडली. फोटो मोठा करून घेतला. मुलाच्या हातावर पेनाने लिहिलेलं स्पष्ट वाचता आलं: "५.०७ पाय हलतात." पत्रकावर ते चार ठिपके दिसायचे. मी फोटो घेऊन हडपसरच्या मंडईत गेले.

मामा भावाच्या गाळ्यावर उपड्या क्रेटवर बसले होते, गुडघे दुखतात म्हणून पाय समोर लांब सोडून, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत. केस सगळे पांढरे. त्यांनी वर बघितलं.

"झोळी कुठाय?"

"हल्ली नाही वापरत, मामा."

"मग काय म्हणायचं तुम्हाला?"

मी फोटो पुढे केला. वाटलं होतं चिडतील, किंवा डोळे पुसतील. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"डावा गुडघा बघा माझा. सैल हाय. गुडघा कानाला टेकला पाहिजे." मग, "किती वाजता काढला?"

"पाच दहा. वहीत लिहिलंय."

"दार लागलंय. निळा शर्ट खांद्याला, टोपी कमरंला." त्यांचं बोट फोटोवरून खाली सरकलं आणि मुलाच्या बुटांपाशी थांबलं. "हितं कोण न्हाय."

बुटांशी खरंच कोणी नव्हतं. रिकामा रस्ता. सात वर्षं माझ्याकडे असलेल्या फोटोत मी तो रिकामा रस्ता कधी बघितलाच नव्हता.

"दूधवाला चार मिनिटांनी आला. मग दोन मिनिटांत हललोच की आपण." त्यांनी फोटो परत दिला. "चार मिनिटं माणूस न्हवता पायाला."

"मामा, मला वाटलं तुम्ही माझ्यावर ओरडताय."

"ओरडलोच की. सगळ्या गर्दीत माझ्या वर्गात बसलेल्या एकट्या तुम्ही. म्हटलं, हिला तरी कळंल."

"मी पहिल्याच रविवारी आले होते. उचलायचं दुसऱ्या रविवारी होतं."

"पाय धरायला कशाला लागतो दुसरा रविवार?"

आजूबाजूला भाव पुकारणं चाललं होतं, पोरं पाट्या घेऊन पळत होती. मी म्हटलं की मी आता नवीन पत्रक काढीन, सगळं खरं लिहीन, तुमचं नाव घालून ट्रस्टला जाब विचारीन. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारचा कांदेवाला वळून बघायला लागला.

"नाव घालू नका. एकदा छापलंत तेवढं पुष्कळ झालं," मामा म्हणाले. "लिहायचंच असंल तर एवढं लिहा. पडलेल्याला पाणी पाजू नका. आन् कोणी बोलवलं तर जावा."

लिहिलं. वर लिहिलं आहे ते सोडून द्या, ही दोन वाक्यं ठेवा.

मी उठायला लागले. मामांनी समोर पसरलेल्या आपल्या पायांकडे बोट केलं.

"धरा."

"काय?"

"पाय. राह्यलंय न्हवं तुमचं?"

मी ओल्या गोणपाटावर गुडघे टेकले आणि त्यांचे घोटे धरले. भर मंडईत. "वरनं न्हाय, खालनं. अंगठे आतल्या अंगाला. हां. आता घट्ट, पण दुखवायचं न्हाय. नीट बघा, दोन्ही टाचा सरळ रेषेत." त्यांचे घोटे थंड होते आणि वाटलं होतं त्याहून हलके.

एक गिऱ्हाईक आलं, पिशवीवाल्या बाई. "कोथिंबीर ताजी आहे का हो?"

"सकाळचीच हाय."

"या कोण? काय झालंय यांना?"

"काय न्हाय," मामांनी जुडी झटकून पिशवीत घातली. "शिकत्यात. उशिरानं."

त्या गेल्या. आणखी दोघं-तिघं येऊन गेले. माझे गुडघे भिजले, बोटं बधिर झाली. मी वर बघितलं नाही. मग आतून भावाने चहाला हाक मारली. मामांनी माझ्या हातांतून हळूच आपले पाय काढून घेतले, क्रेटला धरून उभे राहिले आणि गाळ्याच्या आत गेले.

सोडा मात्र म्हणाले नाहीत.